जोडीनं उंचावरचा ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आणि माझा नवरा गेली काही वर्षं जोडीनं उंचावरचे ट्रेक करतो आहोत. त्यातला एक आम्हाला अर्ध्यातून सोडावा लागला, आणि खालची बरीच उत्तरं त्या एका ट्रेकनं शिकवलेली आहेत. ओळखीतली जोडपी निघण्याआधी जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दलचा मजकूर तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं एवढ्यासाठीच आहे; त्यावरून परस्पर गोळ्या घेऊ नका.

‘उंचावरचा’ म्हणजे नेमका किती उंच?

साधारण २,५०० मीटरच्या पुढे शरीराला उंची जाणवायला लागते. ३,५०० च्या वर ती चांगलीच जाणवते आणि ५,५०० च्या वर माणसाचं शरीर कायमचं रुळूच शकत नाही, तिथे रोज थोडं थोडं खंगत जातं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही खालच्याइतकंच, सुमारे २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे तेवढाच श्वास घेतला तरी पदरात ऑक्सिजन कमी पडतो. ५,५०० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे, अन्नपूर्णा परिक्रमेतली थोरोंग ला ही खिंड ५,४१६ वर, किलिमांजारोचा माथा ५,८९५ वर. म्हणजे जोडप्यांच्या यादीत हमखास असणारे हे तिन्ही ट्रेक तुम्हाला निम्म्या हवेत नेऊन उभं करतात.

आम्ही दोघंही रोज पळतो. मग त्रास व्हायचं काय कारण?

दमसास आणि उंची सोसण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅरेथॉन पळणारा माणूस ३,८०० मीटरवर डोकं धरून बसलेला मी पाहिला आहे. त्याच दिवशी त्याच्या मागून सावकाश आलेल्या साठीच्या बाई मजेत सूप पीत होत्या. उंचीचा त्रास कुणाला होईल हे वजन, वय किंवा व्यायाम यांवरून सांगता येत नाही. स्त्री की पुरुष यावरूनही नाही. त्यातल्या त्यात खरा अंदाज देते ती मागची नोंद: याआधी याच उंचीवर त्रास झाला होता का?

फिट माणसाला उलट एक धोका जास्त असतो. पाय चालतात म्हणून तो भरभर वर जातो, आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही.

व्यायाम तरीही हवाच. त्यानं उंचीचा त्रास टळत नाही, पण दिवसाला सहा-सात तास चालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उठण्याची ताकद येते. तीन-चार महिने आधीपासून पाठीवर वजन घेऊन जिने चढा आणि शनिवार-रविवार लागोपाठ लांब चाला. त्यातली किमान एक रात्र दोघांनी मिळून तंबूत काढा. भिजलेला, भुकेला, झोप न झालेला आपला माणूस कसा वागतो हे आधी एकदा बघून ठेवलेलं बरं.

एकाची तयारी चांगली आणि दुसऱ्याची यथातथा. तरी जावं का?

जावं, पण ट्रेक निवडताना कमी तयारी असलेल्याला समोर ठेवा. ‘त्याला ओढून नेईन’ हा विचार ३,००० मीटरच्या खाली चालून जातो. वर कुणी कुणाला ओढू शकत नाही.

आणखी एक प्रश्न निघण्याआधी एकमेकांना विचारा: हा ट्रेक नक्की कुणाला करायचा आहे? एकाची हौस आणि दुसऱ्याचा होकार एवढ्यावर निघालेली जोडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी फार अवघडते. होकार देणारा स्वतःचा त्रास सांगत नाही, कारण आपल्यामुळे बेत मोडला असं त्याला व्हायला नको असतं.

चालताना वेग कुणाचा धरायचा?

जो सावकाश चालतो त्याचा. आणि त्यानं पुढे चालायचं, मागे नाही.

हे आम्हाला उशिरा कळलं. पहिल्या ट्रेकवर नवरा पुढे असायचा. वळणावर थांबून तो माझी वाट बघायचा, पाणी प्यायचा, फोटो काढायचा. मी धापा टाकत पोचले की ‘आलीस? चल’ म्हणून उठायचा. त्याची दहा मिनिटं विश्रांती झालेली असायची आणि माझी एक मिनिटही नाही. दिवसभर हे असंच चाललं. त्यात त्याचं मन वाईट नव्हतं, त्याच्या लक्षातच येत नव्हतं. सावकाश चालणारा पुढे असला की थांबणं दोघांचं एकाच वेळी होतं.

वेग बरोबर आहे का हे तपासायची सोपी खूण म्हणजे एक पूर्ण वाक्य मध्ये श्वास न तुटता बोलता आलं पाहिजे. किलिमांजारोवरचे गाइड दिवसभर ‘पोले पोले’ म्हणत राहतात, म्हणजे स्वाहिलीत ‘हळूहळू’. सुरुवातीला हा वेग हास्यास्पद वाटतो. शेवटच्या रात्री त्याच वेगानं माणसं वर पोचतात.

वेगवान जोडीदाराला हळू चालताना थंडी वाजते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय एक थर जास्त घालणं हा आहे, पुढे निघून जाणं नव्हे. वजन थोडं जास्त त्याच्या सॅकमध्ये टाका, वेग आपोआप जुळतो.

आणि सावकाश कोण हे ठरलेलं नसतं. ३,००० मीटरवर मी मागे होते, ४,५०० वर तो.

किती दिवस ठेवावेत?

वाटतात त्यापेक्षा दोन जास्त. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जास्तीची रात्र त्याच उंचीवर काढावी, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. महत्त्वाची आहे ती झोपेची उंची. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपणं चांगलंच. किलिमांजारोच्या काही वाटांवर दिवसा लाव्हा टॉवरपाशी ४,६०० मीटरच्या आसपास चढवतात आणि रात्री बॅरांकोला ४,००० च्याही खाली उतरून झोपवतात, ते यासाठीच. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजार (३,४४०) आणि दिंगबोचे (४,४१०) इथे दोन-दोन रात्री काढायची पद्धत आहे. पत्रकात तो दिवस ‘विश्रांती’ म्हणून छापलेला असतो. प्रत्यक्षात त्या दिवशी जवळच्या टेकाडावर तीन-चारशे मीटर चढून परत यायचं असतं.

रजा पुरत नाही म्हणून जोडपी नेमके हेच दिवस कापतात. दिवस कमी असतील तर ट्रेक कमी उंचीचा निवडा.

जोडीदाराला त्रास होतोय हे कसं ओळखायचं? विचारलं की ‘मी ठीक आहे’ म्हणतो.

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

आम्ही एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर होतो. दिंगबोचे सोडल्यापासून नवरा गप्प होता. विचारलं की ‘झोप नाही झाली, बाकी काही नाही’ म्हणायचा. लोबुचेला, ४,९४० मीटरवर, सकाळी तो खाटेच्या कडेवर बसून बुटाची नाडी बांधत होता. नाडीचा फास केला, तो सुटला. पुन्हा केला, पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी तो नुसता बोटांकडे बघत बसला, जणू ती दुसऱ्याची बोटं होती. वीस वर्षं तो तेच बूट तशाच गाठीनं बांधत आला आहे.

मी त्याला जमिनीवरच्या फळीच्या रेषेवर, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत चालायला सांगितलं. दुसऱ्या पावलालाच तो भिंतीवर गेला. मेंदूला सूज यायला लागली की आधी तोल जातो आणि वागणं बदलतं, हे गाइडनं आम्हाला खाली असतानाच सांगून ठेवलं होतं. अर्ध्या तासात आम्ही उतरायला लागलो. गाइडनं त्याचा पट्टा मागून घट्ट धरला होता, सॅक पोर्टरनं घेतली होती. पाचशे-सहाशे मीटर खाली फेरिचेला पोचेपर्यंत तो माझ्याशी नीट बोलायला लागला होता. तिथे डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन दिला आणि वर जायची परवानगी नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री त्याच्या जाकिटाच्या खिशात मला डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी सापडली. चार गोळ्या संपलेल्या होत्या. दोन दिवस डोकं ठणकत होतं आणि तो बोलला नव्हता. का, असं विचारल्यावर म्हणाला, ‘तू एवढी खुशीत होतीस. माझ्याच्यानं मोडवेना.’

अनोळखी माणसांच्या गटात लोक अभिमानापोटी त्रास लपवतात. जोडीत तो मायेपोटी लपवला जातो, आणि तो पकडणं जास्त अवघड असतं. म्हणून ‘ठीक आहेस ना?’ हा प्रश्नच टाकून द्या. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं.

आता आम्ही सकाळी आणि संध्याकाळी आकडे लिहितो. लेक लुईस गुणांकन नावाची पद्धत आहे. तिच्यात चार गोष्टी बघतात: डोकेदुखी, मळमळ किंवा भूक मरणं, थकवा, चक्कर. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी आहे आणि एकूण तीन किंवा जास्त भरले, तर तो उंचीचा आजार धरायचा. आम्ही त्यात आमची एक भर घातली आहे. प्रत्येकानं स्वतःचे गुण लिहायचे आणि जोडीदाराचे आपल्याला दिसतात तेही लिहायचे, मग वह्या बदलायच्या. त्यानं स्वतःला शून्य दिलं आणि मी त्याला दोन दिले की बोलणं तिथून सुरू होतं. डोकेदुखीची गोळी घेतली तर वेळेसकट वहीत लिहायची. गोळीला मनाई नाही, लपवायला आहे.

वर कुठलाही त्रास झाला तर वेगळं कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच समजायचा. त्रास असताना झोपायला आणखी वर जायचं नाही. त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. टाच-अंगठ्याची चाल चुकणं, बडबड असंबद्ध होणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येणं, ओठ निळे पडणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. शेवटच्या तीन खुणा फुप्फुसात पाणी होत असल्याच्या असतात. नव्या उंचीवर दुसऱ्या रात्रीपासून पुढे त्या जास्त दिसतात.

टाच-अंगठ्याची चाल खाली, धडधाकट असताना दोघांनी एकदा करून ठेवा. मुळातच कुणाचा तोल कच्चा असतो, तर वर उगाच घाबरगुंडी उडायला नको.

एकाला उतरावं लागलं तर दुसऱ्यानं पुढे जावं का?

गुडघा दुखतोय, पोट बिघडलंय, किंवा फक्त कंटाळा आलाय आणि तो माणूस गावात आरामात थांबू शकतो, तर दुसऱ्यानं जरूर पुढे जावं. त्यासाठी बरोबरची माणसं दोन असायला हवीत, म्हणजे एकजण वर जाईल आणि एकजण खाली थांबेल. ही सोय निघण्याआधीच करावी लागते.

उंचीचा आजार असेल तर माझं उत्तर ‘नाही’ आहे. त्याला सोडायचं नाही आणि एकट्याला उतरवायचं तर अजिबात नाही. ‘मी बरा आहे, तू जा’ असं तो म्हणेल. ज्याच्या मेंदूला ऑक्सिजन पुरत नाही त्याचा हा होकार धरायचा नसतो. म्हणून हा निर्णय घरी, डोकं थंड असताना घ्या आणि कागदावर लिहा: कुठल्या खुणेवर परतायचं, कुणी सांगितलं की वाद न घालता ऐकायचं. आमच्या कागदावर एवढंच आहे की दोघांपैकी कुणीही एकानं ‘उतरू या’ म्हटलं की उतरायचं, आणि त्याबद्दल नंतर वर्षभर टोमणा मारायचा नाही. हा दुसरा भाग नवऱ्यानं घालायला लावला.

या विषयावर बोलताना मला निवेस मेरोई आणि रोमानो बेनेत या इटालियन जोडप्याची आठवण होते. २००९ मध्ये कांचनजंगावर (८,५८६ मीटर) असताना रोमानोची तब्येत बिघडली. जगातली चौदा अष्टहजारी, म्हणजे ८,००० मीटरहून उंच, शिखरं पूर्ण करणारी पहिली स्त्री कोण ठरणार याची तेव्हा चढाओढ लागली होती आणि निवेसचं नाव त्यात पुढच्या फळीत होतं. तो तिला पुढे जा म्हणाला. ती त्याच्याबरोबर खाली उतरली. पुढे त्याला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी पुरेशा न बनण्याचा आजार, निघाला आणि दोनदा अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावं लागलं. पहिलेपणाचा मान दुसऱ्या कुणाला गेला. २०१४ मध्ये दोघं त्याच कांचनजंगाच्या माथ्यावर उभी राहिली, आणि ११ मे २०१७ ला अन्नपूर्णा चढून चौदाही शिखरं पूर्ण करणारं पहिलं जोडपं ठरली, तीही सिलिंडरचा ऑक्सिजन न वापरता. आपले ट्रेक त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत, पण तिच्यासमोर होता तोच प्रश्न लोबुचेच्या खोलीतही येतो.

डायमॉक्स घ्यावी का?

ही अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी. उंचीचा आजार टाळण्यासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून, असं प्रमाण सांगितलं जातं. तिनं श्वास वाढतो आणि शरीर लवकर रुळतं. ती त्रास झाकून टाकते हा गैरसमज आहे. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, सोडा घातलेली पेयं बेचव लागतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि घरी एक-दोन दिवस घेऊन बघा.

डेक्सामेथासोन वेगळं आहे. ते मेंदूच्या सुजेवरचं तातडीचं औषध आहे. त्यानं माणूस बरा दिसायला लागतो, पण उंचीशी जुळवून घेतलेलं नसतं. ते दिल्यावर उतरायचंच असतं.

एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. डॉक्टरांकडे दोघांनी वेगवेगळं तपासून घ्या.

ऑक्सिमीटर न्यावा का?

बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं हे यंत्र न्या, पण त्याच्या आधीन होऊ नका. ४,५०० ते ५,००० मीटरवर ऐंशीच्या आसपास आकडा दिसणं नेहमीचं आहे. गार बोट, नेलपॉलिश, हलणारा हात यांनी तो चुकतो. दोघांचे आकडे शेजारी ठेवून ‘तुझे ८४ आणि माझे ७९’ अशी तुलना करत बसणारी जोडपी उगीच धास्तावतात. बरोबरच्या सगळ्यांपेक्षा एकाचा आकडा फारच खाली आणि त्याला त्रासही होतोय, असं असेल तेव्हा तो आकडा कामाचा.

रात्री त्याचा श्वास मध्येच थांबतो. मी घाबरून उठवते.

वर झोपेत श्वास जलद होत जातो, मग मंद होतो, काही सेकंद थांबतो आणि एक मोठा उसासा येऊन पुन्हा सुरू होतो. हे बहुतेकांना होतं आणि त्यानं धोका नसतो. शेजारी झोपलेल्याला मात्र ते ऐकवत नाही. मी पहिल्या रात्री अकरा वेळा उठवलं, आणि सकाळी तो माझ्यामुळेच जास्त थकला होता. बसूनही धाप लागत असेल किंवा छातीतून घुरघुर ऐकू येत असेल तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा उठवा आणि गाइडलाही उठवा. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही टाळा, त्यांनी श्वास मंदावतो.

दोघांची एकच मोठी स्लीपिंग बॅग चालेल का?

एक डाव्या आणि एक उजव्या चेनची घेतली तर दोन पिशव्या जोडता येतात. शून्याच्या आसपास छान. खूप थंडीत जोडलेल्या पिशवीत मानेपाशी फट राहते आणि दोघंही कुडकुडतात, तेव्हा सुट्ट्याच वापरा. जवळिकीबद्दलही विचारलं जातं. उंचीमुळे बंदी अशी काही नाही, धाप लागते एवढंच. बहुतेक जोडप्यांना वर झोप जास्त प्यारी होते, आणि त्याचा वेगळा अर्थ काढू नये.

पाळी, गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण?

पाळी वर गेल्यावर मागेपुढे होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी सामान बरोबर ठेवा. कप वापरायची सवय असेल तर उत्तम, पण नव्यानं शिकायची जागा ती नव्हे. वापरलेलं सगळं घट्ट बंद पिशवीतून खाली आणायचं. जोडीदारानं इथे एक काम करावं: आडोसा बघून ठेवावा, गाइडशी बोलून मध्येच थांबायची सोय करावी. तिला दर वेळी सगळ्यांसमोर सांगायला लागू नये.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. ४,५०० च्या वर आठवड्याहून जास्त राहणार असाल तर डॉक्टरांशी हे बोलून घ्या. उलट्या झाल्या तर गोळीचा भरवसा राहत नाही. दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल तर हा ट्रेक पुढे ढकला.

सामान वाटून घ्यावं का?

तंबू, स्वयंपाकाचं सामान, प्रथमोपचाराची मोठी पेटी वाटून घ्या. पण पाणी, हेडलॅम्प, डाउन जॅकेट, पावसाळी कोट, हातमोजे, खाऊ, स्वतःची औषधं, ओळखपत्र आणि थोडे पैसे हे प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं हवं. जोडप्यांची ही हमखास होणारी चूक आहे: पाणी त्याच्याकडे, खाऊ तिच्याकडे, आणि दोघांत पंधरा मिनिटांचं अंतर. वारा सुटला की पंधरा मिनिटं फार असतात. आमच्यावर अचानक वाटा वेगळ्या करायची वेळ आली असती तर पंचाईत झाली असती, कारण दोघांची कागदपत्रं एकाच सॅकमध्ये होती.

काळा चष्मा एक जास्तीचा ठेवा. दर १,००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्के वाढतात, आणि ताजं बर्फ त्यातली बहुतेक परत डोळ्यांवर फेकतं. चष्मा हरवलेल्याचे डोळे काही तासांनी, बहुधा रात्री, वाळू गेल्यासारखे दुखायला लागतात.

वर गेलं की आमची भांडणं होतात. काय करावं?

सगळ्यांचीच होतात. झोप नाही, भूक मेलेली, त्यात ऑक्सिजन कमी. आधी काहीतरी खा, पाणी प्या, मग बोला. घरचे, पैशांचे, सासरमाहेरचे विषय ३,५०० च्या वर काढायचे नाहीत एवढा नेम आम्ही पाळतो.

पण एक लक्षात ठेवा. चिडचिड हेही लक्षण असू शकतं. शांत माणूस अचानक तिरसट झाला, किंवा बोलका माणूस मुका झाला, तर रागावण्याआधी वही काढा आणि गुण विचारा. लोबुचेच्या आदल्या संध्याकाळी मी नवऱ्यावर रुसले होते, तो उत्तरं देत नाही म्हणून. ती संध्याकाळ मला अजून टोचते.

शेवटच्या चढाईच्या रात्री काय सांभाळायचं?

बहुतेक ठिकाणी मध्यरात्रीच्या सुमाराला निघतात. किलिमांजारोवर बाराफू कॅम्पपासून (४,६७३) माथा बाराशे मीटर वर आहे, आणि वर जाऊन त्याच दिवशी खूप खाली यायचं असतं. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीला जोडलेल्या नळीत पाणी गोठतं, तिच्यावर विसंबू नका. बॅटऱ्या आणि फोन अंगालगत ठेवा. भूक नसली तरी दर तासाला दोन घास.

परतीची वेळ घड्याळात लावून ठेवा. ती वाजली की माथा समोर दिसत असला तरी वळायचं. थांबलात की जोडीदाराचे हातमोजे काढून बोटं बघा. स्वतःची बोटं बधिर झाल्याचं स्वतःला कळत नाही.

दोघंच जावं की गाइड, पोर्टर घ्यावेत?

पहिल्यांदा घ्याच. दोघांपैकी एकजण आजारी पडला की दुसरा घाबरलेला असतो, आणि तिसरं शांत डोकं लागतं. पोर्टरच्या अंगावर पुरेसे कपडे आहेत का, त्याला झोपायला कोरडी जागा आहे का, हे बघणं तुमचं काम आहे. उंचीचा आजार पोर्टरलाही होतो, आणि तो तुमच्यापेक्षाही कमी बोलतो.

विमा?

पॉलिसीत उंचीची मर्यादा असते का ते वाचा, आणि हेलिकॉप्टरनं सोडवण्याचा खर्च धरला आहे का तेही. हेलिकॉप्टरमध्ये दुसऱ्याला जागा मिळेलच असं नाही. त्यानं मागे राहून कसं उतरायचं हे ठरवून ठेवा. मुलं घरी असतील तर ती कुणाकडे, कागदपत्रं कुठे, हे एका विश्वासू माणसाला लिहून द्या.

अर्ध्यातून सोडलेला ट्रेक पुन्हा करावा का?

डॉक्टरांशी बोलून, आणि जास्त दिवस घेऊन. एकदा त्रास झालेल्याला तेवढ्याच वेगानं गेल्यास पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. आम्ही त्या वाटेवर परत गेलो नाही, दोन वर्षांनी अन्नपूर्णा परिक्रमेला गेलो. मनांगला (३,५४०) लोक दोन रात्री राहतात, आम्ही तीन राहिलो. खिंडीच्या पायथ्याच्या थोरोंग फेदीच्या आधीही एक रात्र वाढवली. खिंडीच्या दिवशी पहाटे चारला नवरा पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता आणि मी हेडलॅम्प त्याच्या बोटांवर धरला होता. गाठ पहिल्याच वेळी बसली. मग त्यानं माझी वही मागितली, माझे गुण बघितले, मला दिलेल्या शून्याचा एक केला आणि म्हणाला, ‘रात्री दोनदा कपाळ चोळत होतीस.’ खरंच चोळत होते. अर्धा तास थांबलो, पाणी प्यायले, डोकेदुखी उतरली, मग निघालो. मी पुढे, तो मागे.